बेंगळूरच्या प्रदर्शनात माझा क्यूआर मेला. व्हिजिटिंग कार्डाऐवजी तुम्ही काय वापरता?

मच्छेकर

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज फजिती झाल्यामुळे लिहितोय.

बेळगावात आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन), तीन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणाऱ्या लेथ) आणि वडिलांनी कधीच विकू न दिलेली एक जुनी लेथ. सगळं जॉब वर्कचं काम: उद्यमबागेतल्या (इथली औद्योगिक वसाहत) फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं मशीनिंग, हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी, पंपाचे भाग. नवीन गिऱ्हाईक शोधायचं म्हणजे चार प्रदर्शनं फिरायची. स्टॉल घ्यायची ऐपत नाही, म्हणून आपणच पाय मोडेस्तोवर हिंडायचं.

तर बेंगळूरला मशीन टूल्सचं प्रदर्शन होतं. जायच्या आधी हौस केली. नेटवर फुकटात क्यूआर बनवून देणारी एक साइट सापडली. नाव, नंबर, शॉपचे फोटो, नकाशा असं एक झकास पान तयार झालं आणि त्याचा क्यूआर मिळाला. तो घेऊन ओळखीच्या प्रेसमध्ये ५०० कार्डं छापली. पुतण्या म्हणाला, काका, आता नंबर-बिंबर कोण छापतंय, सगळं मिनिमल ठेवायचं. म्हणून कार्डावर फक्त माझं नाव आणि क्यूआर.

रात्रीची स्लीपर पकडली, सकाळी तुमकूर रोडवर उतरलो. पहिला दिवस मस्त गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी होसूरच्या एका कंपनीचा परचेसवाला भेटला. अर्धा तास बोललो, त्याला व्हॉल्व्ह बॉडीसाठी माणूस हवाच होता. कार्ड दिलं. त्यानं माझ्यासमोरच स्कॅन केलं आणि फोन माझ्याकडे फिरवला. पडद्यावर लिहिलेलं, 'हा कोड बंद करण्यात आला आहे. सुरू करण्यासाठी प्लॅन निवडा.' चौदा दिवसांची ट्रायल होती म्हणे, बारीक अक्षरात. तो हसला, मीही हसलो, पण आतून जे काय झालं ते मलाच माहीत. शेवटी त्याच्याच पेनानं कार्डाच्या मागे नंबर लिहून दिला.

पहिल्या दिवशी वाटलेली साठ-सत्तर कार्डं आता कुणाच्या तरी खिशात नुसती चौकटीची नक्षी होऊन पडलीत.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. ह्याला उपाय काय? तुम्ही लोक प्रदर्शनात, मीटिंगांत नंबर कसे देता-घेता?

---

कॅम्पातला

कार्डावर नंबरच नाही?? पुतण्याला दंडवत सांगा.

---

अनगोळ_लूप

मच्छेकर, तुमच्या बाबतीत काय झालं ते जरा इस्कटून सांगतो.

क्यूआर दोन जातींचे. पहिल्या जातीत माहिती त्या चौकटींतच भरलेली असते. नाव, नंबर, ईमेल सगळं तिथंच. त्याला स्टॅटिक म्हणतात. दुसऱ्या जातीत चौकटींत फक्त एक छोटा पत्ता असतो, तोही त्या साइटचा. स्कॅन करणारा आधी त्यांच्या दारात जातो आणि तिथून ते त्याला तुमच्या पानावर पाठवतात. हा डायनॅमिक. त्याचे फायदे खरे आहेत: नंबर बदलला तर कार्ड परत छापावं लागत नाही, किती जणांनी स्कॅन केलं तेही कळतं. पण दार त्यांचं, किल्ली त्यांची. भाडं थांबलं की कुलूप. तुम्ही ५०० कार्डं छापलीत ती खरं तर भाड्याच्या घराच्या पत्त्याची.

स्टॅटिक क्यूआर कधी मरत नाही, कारण त्यात मरण्यासारखं काही नसतंच. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हनं हा कोड काढला तो गाड्यांच्या सुट्या भागांवर नजर ठेवायला. म्हणजे मुळात तुमच्या-आमच्याच धंद्यातली वस्तू. तेव्हा कुठली साइट आणि कुठलं इंटरनेट? सगळी माहिती कोडातच असायची.

तुम्हाला हवंय ते व्हीकार्ड. फोनमधला कॉन्टॅक्ट दुसऱ्याला पाठवला की डॉट व्हीसीएफ अशी फाइल जाते ना, तेच. हे १९९६ च्या आसपासचं जुनं, साधं मजकुराचं स्वरूप आहे आणि अँड्रॉइड, आयफोन दोघांनाही कळतं. हाच मजकूर क्यूआरमध्ये भरला की समोरच्यानं कॅमेरा धरल्याबरोबर 'कॉन्टॅक्टमध्ये जोडा' असं येतं. नेट लागत नाही. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये हजारो माणसं आणि वर पत्र्याचं छप्पर, रेंजची काय अवस्था असते ते तुम्ही बघितलंच असेल.

बऱ्याच फोनमध्ये स्वतःचा कॉन्टॅक्ट उघडून 'शेअर' केलं की क्यूआर दाखवायची सोय असते. तिथं बनवा, स्क्रीनशॉट काढा, झालं. एक पैसा नको, कुणाची साइट नको.

---

मच्छेकर

@अनगोळ_लूप, लई धन्यवाद. तुम्ही सांगितलं तसं लगेच केलं. पण नाव, पत्ता, कामाची माहिती सगळं मराठीत भरलं तर कोड इतका गच्च झाला की बायकोचा जुना फोन तो वाचतच नाही. इंग्रजीत भरला तर सुटसुटीत. असं का?

---

अनगोळ_लूप

कारण देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. आणि मराठीत काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'क्रँकशाफ्ट' लिहून बघा, डोळ्याला चार-पाच अक्षरं दिसतात, कोडाला तीसेक बाइट.

क्यूआर सगळ्यात लहान २१ बाय २१ चौकटींचा, सगळ्यात मोठा १७७ बाय १७७ चा. माहिती वाढली की चौकटी वाढतात, आणि कागदावरची जागा तेवढीच राहिली तर एकेक चौकट बारीक होत जाते. नाव, कंपनी, एक नंबर, एक ईमेल इंग्रजीत भरलं तर साधारण १५० बाइटच्या आत बसतं. ४५ बाय ४५ मध्ये काम होतं. दोन सेंटिमीटरच्या चौकोनात छापलं तरी जुना कॅमेरा वाचतो. तेच तुम्ही उद्यमबागेचा पूर्ण पत्ता मराठीत घातला की गेलं.

त्यातही एक तोडगा आहे. मीकार्ड म्हणून जपानच्या डोकोमोनं काढलेलं आणखी आखूड स्वरूप आहे, त्यात पाल्हाळ कमी. पण मी व्हीकार्डच सुचवीन.

छापताना तीन गोष्टी. कोडाच्या चारी बाजूंनी चार चौकटींएवढी पांढरी जागा सोडायची, प्रेसवाला तिथं नक्षी काढतो ती काढू द्यायची नाही. काळ्यावर पांढरा असा उलटा कोड नको, काही फोन तो ओळखत नाहीत. आणि मधोमध लोगो घालायची हौस असेल तर दुरुस्तीची पातळी 'एच' ठेवायची. तिथं साधारण ३० टक्के भाग झाकला, खराब झाला तरी कोड वाचता येतो. पण त्या पातळीला चौकटी वाढतात, म्हणजे फिरून पहिल्याच अडचणीत. लोगो सोडून द्या.

---

खडेबाजार_दुपारी

गावाचं नाव काय घालायचं हाही प्रश्नच की. बेळगाव, बेळगावी, बेलगाम. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बदललं, पण पुण्याचा माणूस अजून 'बेळगाव' शोधतो, दिल्लीचा 'बेलगाम', आणि बेंगळूरचा 'बेळगावी'. माझ्या एका पार्टीनं मला तिन्ही नावांनी तीन वेळा सेव्ह करून ठेवलंय. दिवाळीचा मेसेज तीनदा येतो.

---

कॅम्पातला

आला, सीमाप्रश्न आला. पंचविसाव्या प्रतिसादाला येईल वाटलं होतं.

---

संपादक मंडळ

धागा कॉन्टॅक्टच्या देवघेवीचा आहे. गावाच्या नावावरून त्याचा काश्मीर करू नये, म्हणजे वादात भरकटवू नये. वरचे दोन प्रतिसाद ठेवतो, पुढचे उडवले जातील.

---

अनगोळ_लूप

वादात न पडता: पत्त्यात सरकारी नाव आणि ५९०००८ हा पिन. जुनं नाव शेऱ्यात घाला. माल पोचतो पिनवर.

---

बिडाचा_म्हातारा

मी फौंड्रीतला माणूस. चाळीस वर्षं बीड ओतलं. हे तुमचं सगळं वाचूलालोय आणि हसू येऊलालंय.

पोरांनो, आमच्या येळला कार्ड बी नव्हतं. चहा प्यायचा, समोरच्याच्या डायरीत आपल्या हातानं नाव लिहून द्यायचं. आपल्या हातानं लिहिलं की त्यो विसरत नाही. मग कार्ड आलं. शर्टाच्या खिशात ठेवायचो, वाळू आणि ग्राफाइट लागून काळं व्हायचं. एकदा कोल्हापूरला शिरोलीत एका मोठ्या माणसाला तसलंच काळं कार्ड दिलं. त्यो म्हणाला, हे खरं फौंड्रीवाल्याचं कार्ड. ऑर्डर दिला गा!

आता मी काय करतो? मिस कॉल. 'तुमचा नंबर सांगा' म्हणायचं, तिथंच रिंग द्यायची, त्याच्या फोनात नंबर वाजला की 'सेव करा, बिडवाले म्हणून' असं सांगायचं. सेव करून झालं का ते डोळ्यानं बघायचं. तोवर हलायचं न्हाई. ह्यात कुठलं ट्रायल संपतंय सांग बघू.

---

मच्छेकर

@बिडाचा_म्हातारा, काका, पटलं. पण हॉलमध्ये रेंज नसली की रिंग जात नाही. आणि एका दिवसात चाळीस माणसं भेटली की संध्याकाळी लॉजवर चाळीस अनोळखी नंबर असतात. कोण कुठला?

---

खानापूर_मेंढेगल्ली

मच्छेकरांनी शेवटी खरा प्रश्न विचारला. नंबर पोचवायला हजार वाटा आहेत, घोळ होतो तो नंतर. माझ्या फोनमध्ये एकशे चौदा पाटील आहेत. मोजलेत. त्यातले निम्मे कोण आहेत ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या फोनमध्ये असाच एक असणार.

म्हणून एक युक्ती सांगतो, फुकट आहे. व्हीकार्डमध्ये नावाचा रकाना तुम्ही भरता. म्हणजे समोरच्याच्या फोनमध्ये तुम्ही कुठल्या नावानं सेव्ह व्हायचं ते तुम्हीच ठरवता! मग तिथं नुसतं 'एस. एम. पाटील' कशाला? 'पाटील व्हीएमसी बेळगाव' असं भरा. सहा महिन्यांनी त्याला तुमचं नाव आठवणार नाही, पण त्याचं काम आठवेल. तो 'व्हीएमसी' टाइप करील आणि तुम्ही वर याल.

आपण बेळगावकर नाहीतरी असंच सेव्ह करतो. राजू वायरिंग, आप्पा कुंदा, मंजू फेटलिंग. फक्त ते काम दुसऱ्यावर न सोडता स्वतः करून द्यायचं.

---

अनगोळ_लूप

+१. माझ्या लक्षात नव्हतं आलं. फक्त नावाचा रकाना इंग्रजी लिपीत ठेवा. होसूरच्या तमिळ माणसाच्या फोनमध्ये देवनागरीतलं 'पाटील' गेलं तर तो शोधणार कसा? तीच गोष्ट कन्नडची. आपल्याकडे तीन भाषांतली कार्डं छापायची पद्धत आहे, ती कागदावर शोभते. फोनच्या सर्चमध्ये समोरचा ज्या कीबोर्डवर शोधील तीच लिपी कामाची.

अवांतर: नोकियाच्या काळात मराठी नावाचा कॉन्टॅक्ट पाठवला की कधी कधी पलीकडे बरोबरच्या खुणा आणि 'ई० ए४ ई० ए४' असला कचरा उगवायचा ते कुणाला आठवतंय का? व्हीकार्डच्या जुन्या २.१ आवृत्तीत इंग्रजीबाहेरची अक्षरं तसल्या सांकेतिक रूपात गुंडाळून पाठवायची पद्धत होती. घेणाऱ्या फोनला ती सोडवता आली नाही की कचरा. नव्या ४.० आवृत्तीत, म्हणजे २०११ पासून, युनिकोडच सक्तीचा केला.

---

धोटा

इथं सगळे पुरुष मंडळी बिनधास्त नंबर वाटतायत, म्हणून दुसरी बाजू मांडते.

आमचा शहापूरला साड्यांचा व्यवसाय. सासऱ्यांचे माग, विक्री मी बघते. प्रदर्शनात बसले की दिवसाला शंभर माणसं नंबर मागतात. त्यातली दहा गिऱ्हाईकं, दोन व्यापारी आणि उरलेल्यांतले काही रात्री अकरा वाजता 'जेवलात का' विचारणारे. सुरुवातीला स्वतःचा नंबर दिला होता. वर्षभर मनस्ताप झाला. मुलाचा शाळेतला फोटो डीपीला होता, त्यावर सुद्धा कमेंट.

आता वेगळं सिम घेतलंय. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस, डीपीला साडीचा काठ, संध्याकाळी सातनंतर आपोआप जाणारं उत्तर. क्यूआरमध्ये तोच नंबर. माझं खरं नावही त्यात नाही, दुकानाचं आहे. आणि व्यापारी लोक भेटले, कामाच्या गप्पा झाल्या, तर त्यांना लिंक्डइनचा क्यूआर दाखवते. ॲपमध्ये शोधायच्या पट्टीजवळ तो असतो. तिथं फोन नंबर न देता ओळख राहते, आणि समोरचा खरंच कोण आहे तेही दोन मिनिटांत कळतं.

मुलींनो, बायांनो, पहिल्या प्रदर्शनाच्या आधीच दुसरं सिम घ्या. नंतर बदलणं फार जड जातं.

---

कॅम्पातला

@धोटा, हे वाचून गप्प झालो. चांगलं लिहिलंत.

---

निपाणी_नाका

आमचं चपलांचं दुकान. कोल्हापुरी म्हटलं तरी ह्या चपलेच्या जीआय (भौगोलिक मानांकन) मध्ये कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, बेळगाव त्यातलाच. दिल्ली-हैदराबादच्या हस्तकला मेळ्यांना जातो. तिथं व्हीकार्ड चालत नाही, कारण गिऱ्हाईक तुमचा कॉन्टॅक्ट सेव्ह करायच्या भानगडीत पडत नाही. तिथं मी व्हॉट्सॲपची लिंक क्यूआरमध्ये घालतो.

डब्ल्यूए डॉट मी, मग तिरकी रेघ, मग ९१ आणि नंबर. अधिकचं चिन्ह नको, शून्य नको. त्याच्यापुढे आधीच लिहिलेला मेसेज जोडता येतो. मी जोडलंय: 'दिल्ली मेळ्यात भेटलो, चप्पल माप' आणि पुढे रिकामं. गिऱ्हाईक स्कॅन करतं, मेसेज तयारच असतो, त्यानं फक्त माप घालून पाठवायचं. झालं, त्याचा नंबरही माझ्याकडे आला आणि कुठं भेटला तेही आलं. प्रत्येक मेळ्याला वेगळा मेसेज, वेगळा कागद. नंतर फोनमध्ये 'दिल्ली मेळ्यात' शोधलं की सगळी यादी समोर.

तोटा एकच, ह्याला नेट लागतं.

पण खरी मजा सांगतो. आपल्याकडे 'स्कॅन करा' म्हटलं की माणूस कॅमेरा उघडत नाही, पैसे पाठवायचं ॲप उघडतो! मग ते ॲप म्हणतं हा कोड चालत नाही. गिऱ्हाईक म्हणतं तुमचा कोड खराब आहे. आणि गावाकडची माणसं तर घाबरतात, स्कॅन केलं की खात्यातले पैसे जातील म्हणून. चुकीचं नाही त्यांचं, फसवणुका ऐकलेल्या असतात. म्हणून कोडाच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'पैशाचा नाही, ओळखीचा कोड. कॅमेऱ्यानं स्कॅन करा.' चार भाषांत. तेव्हापासून बरं आहे.

---

हिंडलगा_रिटर्न

एनएफसीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? मी वापरतो. कार्डात चिप असते, समोरच्याच्या फोनला टेकवलं की झालं. स्कॅन नको, काही नको. ऑनलाइन सात-आठशेला मिळतं.

---

अनगोळ_लूप

छान आहे, पण हिशेब मांडून. चालतं ते तीन-चार सेंटिमीटरच्या आत. आयफोनवर ॲप न उघडता टॅग वाचायची सोय २०१८ च्या एक्सएस, एक्सआर पासून पुढे. अँड्रॉइडमध्ये स्वस्त फोनांत बरेचदा एनएफसी नसतंच, आणि असलं तरी बंद ठेवलेलं असतं. आणि सात-आठशे कशाला? आतली चिप बहुतेक वेळा एनटॅगच्या घराण्यातली असते. कोरे स्टिकर त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतात, फुकटच्या ॲपनं स्वतः लिहायचे. फक्त जागा बघा: एनटॅग २१३ मध्ये १४४ बाइट, २१५ मध्ये ५०४, २१६ मध्ये ८८८. पूर्ण व्हीकार्ड भरायचं तर २१५ च्या खाली जाऊ नका. आणि विकत घेतलेलं तयार कार्ड बहुतेक वेळा विकणाऱ्याच्याच साइटची लिंक उघडतं. म्हणजे परत भाड्याचं दार.

---

बिडाचा_म्हातारा

ह्या चिपची गंमत आमच्या घरी झाली. नातवानं ॲल्युमिनियमची पाटी ओतून घेतली. झकास, पॉलिश मारलेली, कंपनीचं नाव उठावदार. मागनं ती चिप चिकटवली. ऑफिसात ठेवली टेबलावर. येईल त्यानं फोन टेकवायचा म्हणे. कुणाचा बी चालंना. नातू चार दिवस फोनलाच शिव्या घालूलाला.

---

अनगोळ_लूप

काका, धातूमुळं. चिपला वीज मिळते ती फोनच्या चुंबकीय लहरींतून. मागे धातू असला की त्यात घुमणारे प्रवाह तयार होतात आणि ती लहर मरते. तुमच्या इंडक्शन भट्टीत जे होतं तेच, इवल्याशा प्रमाणात. फेराइटचा थर असलेले 'ऑन-मेटल' टॅग मिळतात, ते लावायला सांगा.

---

बिडाचा_म्हातारा

इंडक्शन भट्टी म्हटल्यावर कळालं बघ. नातवाला दाखवतो. इंजिनेर आहे म्हणे.

---

हिंडलगा_रिटर्न

हाहाहा. बरं, माझ्या कार्डाची लिंक तपासली. खरंच विकणाऱ्याच्या साइटवर जाते. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे) करावंसं वाटतंय.

दोन आयफोन असतील तर मात्र वरच्या कडा एकमेकांना भिडवल्या की नेमड्रॉप, म्हणजे कॉन्टॅक्टची देवघेव होते, आयओएस १७ पासून. पण उद्यमबागेत दोन आयफोनवाले समोरासमोर यायला मुहूर्त लागतो.

---

वकील_चिकोडी

एक मुद्दा राहतोय. नंबर दिला म्हणजे काय काय करायची परवानगी दिली?

गेल्या वर्षी एका परिषदेला गेलो, नोंदणीच्या टेबलावर गळ्यात बिल्ला अडकवला, त्यावर क्यूआर. प्रत्येक स्टॉलवर 'सर, बॅज प्लीज' म्हणून स्कॅन. घरी येईपर्यंत तीन ग्रुपांत माझी भरती झालेली आणि एक जण मला प्लॉट विकत होता.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा घरगुती, खासगी वापराला लागू नाही. म्हणजे तुम्ही मित्राचा नंबर सेव्ह केला तर कोणी विचारणार नाही. पण धंद्यासाठी याद्या ठेवल्या की गोष्ट वेगळी. ज्या कामासाठी माणसानं आपण होऊन नंबर दिला त्या कामासाठी वापरणं ठीक. कोटेशनसाठी दिलेला नंबर दिवाळी स्कीमच्या यादीत ढकलणं हे दुसरं काम झालं, त्याला वेगळी संमती हवी.

कायदा बाजूला ठेवला तरी, व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत 'ग्रुप' म्हणून पर्याय आहे. तिथं 'माझे कॉन्टॅक्ट' करा. ओळखपाळख नसलेला माणूस मग तुम्हाला परस्पर ग्रुपात ओढू शकत नाही. आणि बिल्ल्यावरचा क्यूआर नको असेल तर बिल्ला उलटा करून घालायचा. मी घालतो.

---

कॅम्पातला

बिल्ला उलटा घालणारा वकील. पुढच्या वेळी ओळखीन मी तुम्हाला.

---

मच्छेकर

मंडळी, सगळ्यांचं वाचून जे केलं ते सांगतो.

व्हीकार्ड बनवला, स्टॅटिक. नावाच्या रकान्यात 'पाटील व्हीएमसी बेळगाव', इंग्रजी लिपीत (हो, मीही पाटीलच, खानापूरकरांच्या फोनमध्ये एकशे पंधरावा). एक नंबर, अधिक ९१ सकट. एक ईमेल. शेऱ्यात 'व्हॉल्व्ह बॉडी, सीआय आणि एसजी' (बिडाचे दोन प्रकार) एवढंच. तो क्यूआर फोनच्या लॉकस्क्रीनवर लावला. फोन अनलॉक करायलाच नको, उजेड वाढवायचा आणि समोर धरायचा. बायको म्हणते गणपतीचा फोटो काढून हे काय लावलंय.

गेल्या शनिवारी उद्यमबागेतल्या जॉब वर्कवाल्यांची बैठक होती, तीसेक जण. तिथं चालवून बघितला. निपाणी_नाकांचं शंभर टक्के खरं: पहिल्या पाच जणांतल्या तिघांनी पैशाचं ॲप उघडलं. एकानं विचारलं, किती टाकू? आता मी आधीच म्हणतो, कॅमेरा उघडा. एका जुन्या फोनला कॅमेऱ्यातून वाचताच आला नाही, तिथं बिडाच्या काकांचा मिस कॉल कामी आला. आणि काका, सेव्ह झालं का ते डोळ्यानं बघतो. माणसं जरा दचकतात पण करतात.

एक गोष्ट माझी मी शोधली. समोरच्यानं मला सेव्ह केलं की तिथंच मीही त्याला सेव्ह करतो आणि नावापुढे काय बोललो ते दोन शब्दांत घालतो. 'कुलकर्णी गिअर, ड्रॉइंग पाठवणार.' रात्रीवर ठेवलं की संपलं. बेंगळूरच्या त्या चाळीसपैकी अकरा जण अजून मला ओळखू येत नाहीत.

उरलेल्या ४३० कार्डांचं काय करायचं हा प्रश्न आहेच.

---

बिडाचा_म्हातारा

रबर स्टॅम्प करून घे. नाव, नंबर. मागच्या कोऱ्या बाजूला मार. पन्नास-शंभर रुपयांत काम. एवढी कार्डं टाकून देतोस व्हय?

---

खानापूर_मेंढेगल्ली

आणि पुढच्या बाजूच्या क्यूआरवर आडवी काट मारायचा स्टॅम्पही करा.

---

मच्छेकर

स्टॅम्प झाला. जांभळी शाई, वडील एकदम खूश. म्हणाले आता कार्ड वाटतंय.

आणि ऐका. काल होसूरहून फोन आला. तोच परचेसवाला. मी विचारलं, साहेब, नंबर कसा सापडला? कार्ड ठेवलं होतं का? म्हणाला, कार्ड कुठं गेलं माहीत नाही. पण त्या दिवशी जेवताना मित्राला किस्सा सांगितला आणि तेव्हाच मागचा नंबर फोनमध्ये घातला होता. त्याच्या फोनमध्ये मी 'बेलगाम क्यूआर फेल' म्हणून सेव्ह आहे.

---

कॅम्पातला

😂😂😂 व्हीकार्डच्या नावाच्या रकान्यात हेच घाला आता.

---

धोटा

अभिनंदन! ड्रॉइंग आलं का?

---

मच्छेकर

आलं. बोअरला (आतल्या भोकाला) दहा मायक्रॉनची अचूकता मागतोय. आमच्या व्हीएमसीचा स्पिंडल बघता त्यासाठी वेगळा धागा काढावा लागणार.